पहिले बिऱ्हाड आणि आमच्या याद्या

माझ्या नातीचे लग्न झाले आणि संक्रांत उलटल्यावर तिने नवऱ्याबरोबर गोत्रीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटले. त्याआधी पंधरा दिवस एका दुपारी तिने मला सहज विचारले, "आजी, नव्या घराला काय काय लागतं गं?" आमच्या पिढीतल्या बाईला असा प्रश्न कुणी विचारीत नाही, आणि विचारला की ती गप्प बसत नाही. मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठकोरी पाने फाडून घेतली, पेन्सिलीला टोक केले आणि बसले. चहाच्या वेळेपर्यंत शहाऐंशी जिनसा झाल्या. सूनबाईंनी स्वयंपाकघरातून ओरडून आणखी अकरा सांगितल्या. एकूण सत्त्याण्णव. मला, खरे सांगायचे तर, अभिमान वाटला. एवढी पुरी यादी आता कुणाला करता येईल!

दोन दिवसांनी यादी परत आली. चौदा जिनसांपुढे खूण होती. उरलेल्या त्र्याऐंशी तिने खोडल्या नव्हत्या, प्रत्येकीपुढे बारीक अक्षरांत एकच प्रश्न लिहिला होता : "किती माणसांसाठी?"

मला राग आला हे कबूल करते. घंगाळापुढे, पुरणयंत्रापुढे, मोठ्या परातीपुढे, पितळी कळशीपुढे, सगळीकडे तोच प्रश्न. मी मनाशी म्हटले, या पोरींना वस्तूंची किंमत नाही. दहा मिनिटांत सामान दारात येते, यांना साठवण म्हणजे काय ते कळायचे कसे? पण रात्री झोप येईना म्हणून तोच कागद पुन्हा वाचायला घेतला, आणि वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. माझी यादी नव्या घराची नव्हतीच. ती बाबाजीपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घराची होती. स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरल्यावर उजव्या हाताला पाण्याची मांडणी, म्हणून आधी हंडा, घागर, कळशी, तांब्या. मग चूल, म्हणून पातेली, तवा, फुंकणी. मग फडताळ, मग कोठीचे डबे, शेवटी देवघर. पन्नासपंचावन्न वर्षांमागे सासूबाईंच्या ज्या घरात मी वावरत होते, त्याच घरातून मी पेन्सिल घेऊन फिरून आले होते. त्या घरात चौदा माणसे जेवत. यादीत फुंकणीसुद्धा होती. नळाच्या गॅसवर पोरीने ती कशाला फुंकायची?

यावर मी बरेच दिवस विचार करते आहे, आणि आपल्या इथल्या जुन्या घरांतून इतक्या याद्या होत असतील की तो विचार इथे मांडावासा वाटला. माझे म्हणणे थोडक्यात असे, की पहिले बिऱ्हाड कसे थाटावे हे आपल्या घरांना मुळात ठाऊकच नाही. ऐकायला हे विचित्र वाटेल. १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले, त्यांच्या मागोमाग आपली कितीतरी घराणी आली आणि इथली झाली. इतक्या पिढ्या संसार केले आणि संसार थाटता येत नाही? पण पाहा, त्यातल्या कुठल्या सुनेने रिकाम्या घरात पाऊल टाकले? सून यायची ती भरल्या घरात. चूल पेटलेली असे, परातीत कणीक भिजलेली असे, मिसळणाचा डबा कुठल्या खणात आहे हे तिला दाखवले जाई. माझ्या सासूबाई १९३९ साली, सयाजीराव महाराज गेले त्या वर्षी, लग्न होऊन या घरात आल्या. त्यांनी उभ्या आयुष्यात एकही पातेले गरज म्हणून विकत आणले नसेल. जी आणली ती दिवाळीला, धनत्रयोदशीला, रीत म्हणून. घर भरलेलेच होते. त्यात भर पडत गेली. भर कशी घालावी हे त्यांना उत्तम ठाऊक होते. सुरुवात कशी करावी हे ठाऊक असायचे कारण नव्हते.

रिकामे घर आपल्या वाट्याला आले ते नोकऱ्यांच्या बदल्यांमुळे. संस्थान होते तेव्हाही कारकून-मामलेदारांच्या बदल्या होत, पण मंडळी बहुधा बडोद्यातच राहत आणि गृहस्थ एकटा खाणावळ शोधी. १९४९ साली संस्थान विलीन झाले, नोकऱ्या लांब लांब गेल्या, पुढे कारखाने आले, कंपन्यांची क्वार्टर्स आली, आणि नवऱ्याबरोबर सून जाऊ लागली. तिच्याबरोबर जे सामान गेले ते मात्र भरल्या घराच्या हिशोबाने बांधलेले.

माझेच सांगते. १९७१ साली लग्न झाले आणि यजमानांची बदली मेहसाण्याला होती. सासूबाईंनी एक पेटारा भरून दिला. त्यात पितळेची पातेली, दोन परात्या, ओगराळे, वेळण्या, पंचपात्र, समई, चकलीचा सोऱ्या, पाच शेरांचे माप, सगळे होते. लग्नातल्या आहेराची वेगळी पेटी. त्या काळच्या वाचकांना आठवत असेल : तीन लेमन सेट, दोन भिंतीवरची घड्याळे, एक मिल्क कुकर, टेबलावरचा दिवा. मेहसाण्याच्या खोलीत संध्याकाळी पोचलो. स्टोव्ह पेटवला, शेजारून दूध आले होते ते तापत ठेवले. दूध वर आले आणि मला कळले की एवढ्या सामानात सांडशी नाही. पदराने पातेले उचलले. पदराला डाग पडला आणि बोटे भाजली. भिंतीपलीकडच्या गुजराती बाईंनी ओरडणे ऐकले आणि खिडकीतून हात घालून म्हणाल्या, "ल्यो बेन, साणसी." ती साणसी मी आठ दिवस वापरली. दुसरी वस्तू जी नव्हती ती बादली. तीन लेमन सेट होते आणि बादली नव्हती! पेटाऱ्यातले अर्धे सामान त्या घरातल्या चार वर्षांत एकदाही बाहेर निघाले नाही, आणि परतताना त्याची हमाली पुन्हा दिली.

सासूबाई निष्काळजी होत्या असे नव्हे. त्यांच्या घरात सांडशी चुलीपाशी खिळ्याला टांगलेली असे आणि ती कुणी आणल्याचे कुणाला आठवत नसे. जी वस्तू रोज दहा वेळा हातात येते ती डोळ्यांना दिसत नाही; यादीत येतात त्या सणावारी निघणाऱ्या वस्तू. आजचे रुखवत पाहा. थर्मोकोलची बैलगाडी, लोकरीचे तुळशीवृंदावन, सुपारीचे भटजी. मी त्यांची टिंगल करीत नाही, पोरींनी हौसेने रात्री जागवलेल्या असतात. पण त्यांच्या शेजारी भांड्यांचा जो एक्कावन्न नगांचा सेट मांडलेला असतो, त्याबद्दल मात्र बोलायला हवे. सेट ही दुकानदाराच्या सोयीची गोष्ट आहे. सहा माणसांची सहा ताटे, बारा वाट्या, सहा फुलपात्री, आणि मग आकडा भरण्यासाठी लोणच्याच्या सहा चिमुकल्या वाट्या व एक जग. घर दोघांचे. ते दोघे दोन ताटे वापरतात आणि तीच धुऊन पुन्हा घेतात. बाकीचा सेट खोक्यातच राहतो, आणि पुढे दुसऱ्या कुणाच्या लग्नात आहेर म्हणून जातो. एक सेट तीन लग्ने फिरलेला मी पाहिला आहे. आतली नावाची चिठ्ठी काढायची राहिली म्हणून कळले.

१९४९ साली आपल्याकडे विद्यापीठ झाले, हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या आणि त्यांच्या काळात गृहविज्ञानाची शाखा निघाली, तेव्हा पुष्कळ जुन्या घरांतून नाके मुरडली गेली. स्वयंपाक काय कॉलेजात शिकायचा! माझी एक मैत्रीण तिथे शिकली. ती सांगे, भांडी मोजू नका, आधी कामे मोजा : सकाळी उठल्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत काय काय करता, ते कागदावर लिहा, आणि प्रत्येक कामाला हातात काय लागते ते पुढे लिहा. आम्ही तिला हसलो होतो. नातीने असा काही कागद लिहिला नव्हता, पण तिच्या चौदा खुणा नेमक्या या रीतीने जुळतात.

त्या चौदा जिनसांत तीन लिटरचा कुकर होता, झाकणासह दोन पातेली, कढई, तवा, पोळपाट-लाटणे, परात लहान, डाव, उलथणे, सुरी, गाळणे, मिसळणाचा डबा, चारजणांची ताटे-वाट्या-भांडी, बादली, आणि सांडशी. सांडशीपुढे खूण पाहून मला मेहसाणा आठवले. (माझ्या यादीत या वेळी ती होती. पण ती तिला "साणसी" म्हणते आणि उलथण्याला "तवेथो". लहरीपुऱ्याच्या आतल्या दुकानात आम्ही दोघी गेलो तेव्हा मी मराठी नावे घ्यायची, ती तीच गुजरातीत सांगायची, आणि दुकानदार दोन्ही समजत होता. आमच्या घरात तपेली म्हणजे पाणी घ्यायची. तिच्या घरात तपेलीत डाळ शिजणार आहे. तीनशे वर्षे शेजारी राहिल्यावर असे व्हायचेच, मी त्याचे दुःख करीत नाही.)

वाद झाले ते तीन गोष्टींवर. पहिला विळीवर, आणि तो मी हरले. ती उभ्याने ओट्यावर काम करते. विळीला मांडी घालून बसावे लागते, आणि तिच्या स्वयंपाकघरात दोन माणसे मांडी घालून बसली तर फ्रिजचे दार उघडत नाही. दुसरा तव्यावर. तिला न चिकटणारा तवा हवा होता, मी लोखंडी म्हणत होते. तसला तवा रिकामा फार तापू दिला, अडीचशे अंशांच्या वर गेला, की त्याचा थर बिघडू लागतो. आणि फुलक्याचा तवा तर नेहमी रिकामाच तापतो. शेवटी फुलक्याला लोखंडी आणि धिरड्याला दुसरा, पण तो दुसरा सहा महिन्यांनी, असे ठरले. तिसरा वाद पाण्याचा, आणि तिथे मी अजिबात मागे हटले नाही. तिने झाकणाचा हंडा खोडला होता, कारण नळाला पाणी शुद्ध करायचे यंत्र आहे. मी तिला २०२४ चा ऑगस्ट आठवून दिला. विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, वीज गेली, यंत्रे बंद पडली आणि मोठमोठ्या इमारतींतली माणसे पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांची वाट पाहत बसली. आमच्या घरात माळ्यावरचे दोन हंडे खाली काढून भरून ठेवले होते म्हणून आम्हाला आणि वरच्या बिऱ्हाडाला तीन दिवस पुरले. बडोद्यात घर करायचे तर वीस लिटर पाणी झाकून ठेवता येईल असे भांडे हवे, आणि एक विजेरी. ही जिन्नस पंधरावी.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. ती सांगायला मला बरे वाटत नाही.

१९८० च्या सुमारास आम्ही बडोद्याला परत होतो आणि घरोघर स्टेनलेस स्टीलचे वेड होते. पितळेला चिंच-राख लावून हात काळे करायचे, कल्हईवाल्याची वाट पाहायची, हे कुणाला नको झाले नव्हते? गल्लीत भांडेवाला आला. जुने पितळ तोलून मोडीत घ्यायचा आणि बदल्यात स्टील द्यायचा. सासूबाईंची पाच पातेली, एकात एक बसणारी, मी त्याच्या तराजूत ठेवली आणि झाकणाचे सात डबे घेतले, वर आमच्या दोघांची नावे कोरून. सासूबाई जवळच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भांडी गेली त्याचं काही नाही गं. पण पाच माणसांचा भात उद्या कशात लावशील, ते आजच ठरवून ठेव."

मला त्या बोलण्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. त्या पातेल्यांना घरात आकड्याची नावे होती. दोघांचे, तिघांचे, पाचांचे, आठांचे, बारांचे. मूठ किती, पाणी किती, हे कुणी मोजत नसे. पाचांच्या पातेल्यात तांदूळ बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत आले की पाच माणसे जेवत. कुणाच्या तरी हाताने एकदा बसवलेले माप त्यात होते. नवी पातेली आणली तर भात एक दिवस उरायचा, दुसऱ्या दिवशी कमी पडायचा, आणि तळाशी तर नेहमी करपायचा. यात जादू काही नाही. पितळेच्या मानाने स्टीलमधून उष्णता सात-आठ पटींनी मंद पसरते. ज्योत जिथे लागते तिथेच भांडे पेटते आणि कडेला थंड राहते. आता जाड बुडाची भांडी मिळतात, बुडात अॅल्युमिनियमचा थर घातलेली, ती चांगली असतात. तेव्हा आमच्याकडे पत्र्यासारखे पातळ आले होते. पुढे कुकर आला आणि भाताचा प्रश्न सुटला, पण सासूबाईंनी त्यानंतर भात लावला नाही. "तुझी भांडी मला कळत नाहीत," म्हणायच्या. ते टोमण्यासारखे वाटायचे. आज वाटते, त्या खरेच सांगत होत्या.

म्हणून माझी वाचक भगिनींना विनंती आहे, आणि बंधूंनाही, कारण माळ्यावर चढायला तेच लागतात. मुलीला-नातीला बिऱ्हाड करून देताना दुकानाच्या आधी माळा पाहा. सगळे द्यायचे नाही. मेहसाण्याचा पेटारा पुन्हा नको. एक-दोन भांडी, तिच्या आजच्या माणसांच्या मापाची, आणि ते माप तोंडाने सांगून. पितळ द्यायचे असेल तर कल्हई करून द्या. ताक, चिंच, आमसूल उघड्या पितळेत ठेवले तर कळकते. कल्हईवाले आता क्वचित दिसतात, पण शोधले तर सापडतात. भांडे तापवून, नवसागराची पूड टाकून, कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने तो चांदीसारखे करून देतो. कथील २३२ अंशांना वितळते, तेव्हा कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये, एवढे तिला बजावा. आणि तिच्याकडे विजेची इंडक्शन शेगडी असेल तर पितळ-तांबे त्यावर तापणारच नाही, हेही आधी विचारून घ्या. मी न विचारता एक तांब्याचे भांडे घेऊन गेले होते.

बाकीच्या जिनसांना वर्षभर थांबावे. यावर सूनबाईंचे म्हणणे असे पडले, की आपल्याला काही कमी आहे का, पोरीने अडून का बसावे? कमी नाही हे खरे. पण होळीला पुरण वाटायची वेळ येईल तेव्हा ती पुरणयंत्र मागायला येईल, दिवाळीला सोऱ्या न्यायला येईल, न्यायला येईल तेव्हा चकलीची भाजणी कशी भाजायची हेही विचारील. आमच्या गल्लीत एकच पुरणयंत्र होते आणि ते शिमग्याच्या दिवशी अकरा घरे फिरे. कुणाच्या घरी कोण पाहुणे आले आहेत हे त्या यंत्राबरोबर कळे. सगळे असलेल्या घराला शेजाऱ्याचे दार वाजवायचे निमित्त उरत नाही. आहेराचे पैसे तिने तसेच ठेवले आहेत. आतापर्यंत त्यातून एक पक्कड, एक टेस्टर, खिळे आणि कपडे वाळत घालायची दोरी आली. यांतली एकही वस्तू माझ्या सत्त्याण्णवांत नव्हती.

त्या पाच पातेल्यांपैकी एक मोडीतून वाचले होते, हे सांगायचे राहिले. भांडेवाला आला त्या दिवशी आठांचे पातेले शेजारी सत्यनारायणाच्या प्रसादाला गेले होते. त्याच्या जागी मी तराजूत एक परात टाकली होती. गेल्या आठवड्यात मी त्याला कल्हई करून घेतली आणि नातीला फोन केला.

"किती माणसांचं आहे आजी?"

"आठांचं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग आत्ता नको. तुझ्याकडेच ठेव. पण तांदूळ कुठपर्यंत घालायचे ते मला येऊन बघायचंय."

रविवारी येते म्हणाली आहे. आठ माणसे जमवायला मी सूनबाईंना सांगितले आहे.